नेढं शोधता शोधता: ‘नो मॅन्स स्काय’सोबत सात महिने

पहिलं नेढं, म्हणजे डोंगरातलं आरपार भोक, मला तिसऱ्या आठवड्यात सापडलं. तोवर मी ‘नो मॅन्स स्काय’ हा अवकाशात ग्रह धुंडाळत फिरायचा व्हिडिओ गेम सगळे खेळतात तसाच खेळत होते. कार्बन गोळा करायचा, यानाचं इंधन बनवायचं, पुढच्या ताऱ्याकडे निघायचं. एका धुळकट ग्रहावर सोडियमची पिवळी झुडपं शोधत फिरत होते, तेवढ्यात समोरच्या डोंगराच्या धारेत आरपार भोक दिसलं. सूर्य नेमका त्याच्या मागे उतरत होता. रतनगडाच्या नेढ्यात बसून वारा खाल्लेल्या माणसाला असं काही दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. सोडियम राहिलं बाजूला.

तेव्हापासून मी प्रामुख्याने यासाठीच खेळते. बेस कसा बांधावा, पैसे कसे कमवावेत, लढाई कशी आहे, याबद्दल मी फारसं सांगू शकणार नाही. मी लिहितेय ते जमिनीबद्दल. हवेत अधांतरी राहिलेले डोंगराचे तुकडे, कशाच्याही टेकूशिवाय उभ्या कमानी, सपाट माळावर अचानक उघडणारी विहिरीसारखी खोल भोकं. ज्यांना ट्रेकला गेल्यावर शिखरापेक्षा वाटेतल्या कातळातच जास्त रस असतो, त्यांच्यासाठी हा अनुभव.

इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्सने हा गेम ऑगस्ट २०१६ मध्ये आणला. त्यानंतरचे सगळे मोठे अपडेट फुकट मिळत आले आहेत. ग्रहांची संख्या आहे २ चा ६४ वा घात, म्हणजे सुमारे १८ च्या पुढे १८ शून्यं. इतके ग्रह कुठेही साठवून ठेवलेले नाहीत. तुम्ही जवळ गेलात की त्या जागेच्या आकड्यावरून डोंगर-दऱ्या जागच्या जागी गणिताने तयार होतात, आणि आकडा तोच असल्यामुळे दुसऱ्या कुणाच्याही मशीनवर तिथे तोच डोंगर उभा राहतो. याची खात्री मी करून घेतली. माझ्या पहिल्या नेढ्याचा पत्ता सोलापूरच्या मैत्रिणीला पाठवला. रात्री अकराला तिने फोटो पाठवला: तेच भोक, डाव्या बाजूला तोच मोडका सुळका. ती त्याच्या खाली उभी होती. सोबत ट्रेक केल्यावर होतो तसा आनंद झाला.

हे आकार होतात कसे, हे कळल्यावर मजा दुप्पट झाली. गेममधली जमीन म्हणजे नकाशावर उंची मांडून केलेला पृष्ठभाग नाही. तसं असतं तर डोंगर झाले असते, पण पोकळ्या आणि कमानी झाल्या नसत्या. इथे अवकाशातल्या प्रत्येक बिंदूला एक किंमत, म्हणजे एक आकडा, मिळते. ठरलेल्या मर्यादेच्या एका बाजूची किंमत म्हणजे दगड, दुसऱ्या बाजूची म्हणजे हवा, आणि जिथे ती बदलते तिथे जमिनीचं कातडं चढतं. मग कधी एखाद्या सुळक्याची मान गणितात हवेच्या बाजूला जाते, आणि डोकं तेवढं वर राहतं. पडत नाही, कारण ते कशावर टेकलंय का, हे गेम विचारतच नाही.

मी ते करून पाहिलं. एका बर्फाळ ग्रहावर बारीक दांड्यावर उभा असलेला, आमच्या सोसायटीच्या इमारतीएवढा खडक मिळाला. टेरेन मॅनिप्युलेटर, म्हणजे जमीन कोरायचं गेममधलं हत्यार, घेतला आणि दांडा खालून कोरत गेले. शेवटची पाच-सहा बोटं जाडी उरली तेव्हा मी श्वास धरून होते. तीही गेली. खडक तसाच. जेटपॅकने, म्हणजे पाठीवरच्या उडायच्या यंत्राने, मोकळ्या झालेल्या फटीत शिरले, वर पाहिलं. कोरलेल्या जागी खड्डे उमटले होते, बाकी पोटाकडे गुळगुळीत दगड, आणि बर्फावर त्याची सावली पडलेली, तिच्या मधोमध मी. तिथून हलावंसं वाटेना.

एका रविवारी बाबा शेजारी येऊन बसले. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यांना मी माझी आवडती विहीर दाखवली. पठारावर गोल तोंड, आत उतरायला तीन-चार वेळा जेटपॅकचं इंधन भरेपर्यंत थांबावं लागतं, तळाशी गुहांची तोंडं. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, पण नदी कुठंय?”

सात महिन्यांत मला एकही वाहती नदी दिसलेली नाही. पाणी आहे ते समुद्राचं आणि तळ्यांचं, आणि एका ग्रहावर सगळीकडे एकाच पातळीचं. निघोजचे रांजणखळगे कुकडीच्या प्रवाहात गरगरणाऱ्या गोट्यांनी घासून काढलेत. तिथल्या प्रत्येक खळग्याला कारण आहे. या विहिरीला तसं कारण नाही. बाबांच्या त्या एका प्रश्नानंतर मी वेगळं पाहायला शिकले. आता प्रत्येक आकारापाशी थांबून मी मनात विचारते, खऱ्या जमिनीवर हे कशाने झालं असतं? पाण्याने, वाऱ्याने, की लाव्हा थिजून? कशानेच झालं नसतं असं उत्तर आलं, की समजायचं खरी विचित्र जागा सापडली. त्या विहिरीच्या ग्रहाला मी रोमन अक्षरांत ‘निघोज’ नाव दिलंय.

शोधायची रीत सांगते. यानातून फार उंचावरून शोधू नका. लांबून जमीन ढोबळ आखली जाते आणि जवळ येताना बारीक होत जाते, त्यामुळे वरून दिसलेली कमान खाली उतरेपर्यंत साधी खिंड होऊन बसते. डोंगरमाथ्याच्या जरा वर राहून हळू जा, आणि सूर्य कलता असताना जा. सावल्या आधी दिसतात. कड्याला चिकटून जेटपॅक लावलं तर इंधन फारसं संपत नाही, कितीही उंच कडा चढता येतो. जागा सापडली की फोटो मोडमध्ये फोटो काढा, कोपऱ्यात त्या ग्रहाच्या पोर्टलची, म्हणजे दूरच्या ग्रहावर थेट नेणाऱ्या दाराची, १२ चिन्हं येतात. पण पोर्टल तुम्हाला ग्रहावर नेतं, नेमक्या जागी नाही. म्हणून यानात बसल्यावर दिसणारे अक्षांश-रेखांशही टिपून ठेवा. माझी यासाठी वेगळी वही आहे, त्यात आजवर ४३ जागा झाल्यात.

मुद्दाम विचित्र बनवलेले ग्रहही आहेत, षटकोनी फरश्यांनी किंवा बुडबुड्यांनी भरलेले. पहिल्यांदा पाहताना छान वाटतात, पण सगळा ग्रहच विचित्र असला की त्यात शोधायचं काही उरत नाही. २०२४ च्या ‘वर्ल्ड्‌स पार्ट वन’ अपडेटने तरंगती बेटं आणली, पाण्यावर लाटा आणि प्रतिबिंबं आणली. ती बेटं देखणी आहेत, संध्याकाळी तर फारच. तरी साध्या, गवताळ, कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही अशा ग्रहावर चुकून अधांतरी राहिलेला एक तुकडा मला जास्त मोलाचा वाटतो.

उणिवा आहेत. एका ग्रहावर एकच हवामान, एकच झाडोरा. वाळवंटातून चालत जंगलात जाता येत नाही. त्यामुळे तासन्‌तास भटकून हाती काहीच न लागलेल्या रात्री पुष्कळ होतात. तुम्ही केलेलं खोदकाम गेम एका मर्यादेपर्यंतच लक्षात ठेवतो, नंतर जमीन पुन्हा भरून येते. गणित बदललं की जमीनही बदलते. २०१८ च्या ‘नेक्स्ट’ अपडेटमध्ये जुन्या ग्रहांचं रूपच पालटलं होतं. माझ्या वहीतल्या ४३ जागांचंही कधीतरी तसं होईल, हे धरूनच मी फोटो काढते. आणि झटपट काहीतरी घडायला हवं असेल, तर हा गेम घेऊ नका.

बाबांना ‘वर्ल्ड्‌स पार्ट टू’मधले खोल समुद्र दाखवायचे राहिलेत. जानेवारी २०२५ मध्ये ते आले, तळ गाठायला कित्येक मिनिटं लागतात. मागच्या आठवड्यात एका तळाशी मला भिंतीसारखा उभा कडा दिसला, त्यात आरपार नेढं, पलीकडे नुसता काळोख. ऑक्सिजन संपत आला म्हणून वर आले. जागा वहीत टिपलेली आहे. या रविवारी बाबांना बसवूनच पलीकडे जाणार आहे.