‘सेफारिया’ : मोफत ज्यू ग्रंथालय वापरताना आलेला अनुभव

ज्यू धर्मशास्त्रात, म्हणजे हलाखात, निर्णय देणारा रब्बी (धर्मपंडित) व्यापक मूल्यांना किती मान देतो आणि नियमांच्या बारकाव्यांना किती, हा प्रश्न मनात धरून मी गेले काही महिने ‘सेफारिया’चे संकेतस्थळ आणि मोबाइल अ‍ॅप वापरत आहे. २०११ मध्ये जोशुआ फोअर आणि ब्रेट लॉकस्पायझर यांनी सुरू केलेली ही ना-नफा संस्था तोरा (मोशेची पाच पुस्तके, धर्माचा मूळ ग्रंथ), मिश्ना (रब्बींच्या नियमांचे जुने संकलन), तालमूद (मिश्नावरील चर्चांचा मोठा संग्रह) आणि त्यांवरील भाष्ये विनामूल्य वाचायला देते. बॅबिलोनियन तालमूदावरील आधुनिक काळातील रब्बी श्टाइनसाल्त्स यांचे विवरण तेथे २०१७ पासून इंग्रजीतही मिळू लागले. त्यात मूळ शब्दांचा अनुवाद ठळक अक्षरांत आणि विवरण साध्या अक्षरांत छापलेले असल्यामुळे ग्रंथ कोठे थांबला आणि विवरणकार कोठे बोलू लागला, हे नजरेलाच कळते.

अ‍ॅपची परीक्षा घेण्यासाठी मी एकच प्रकरण निवडले. शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवशी, लग्न लावू नये, अशी रब्बींची मनाई आहे. तरीही सोळाव्या शतकातील क्राकोव्हचे रब्बी मोशे इस्सर्लेस ‘शुल्हान आरुख’ या ज्यू नियमसंग्रहावरील आपल्या टिपणीत (ओराह हाइम ३३९:४) असे नोंदवतात की, हुंड्याची बोलणी फिसकटत शुक्रवारची रात्र पडली, जेवणाची तयारी होऊन बसली आणि आता लग्न लांबले तर वधूवरांची नाचक्की होणार, अशा अडचणीच्या वेळी रात्रीही लग्न लावले जाते, मात्र मुळात तशी पाळी येऊ नये, याची दक्षता घ्यावी. त्यांनी स्वतः अशाच एका रात्री एका अनाथ मुलीचे लग्न लावले होते. हुंड्यावरून मांडवात अडलेले लग्न म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

टिपणीत आधार दिला आहे तो वधूवरांच्या नाचक्कीचा, म्हणजेच माणसाच्या प्रतिष्ठेचा. ओळीवर बोट ठेवताच बाजूला भाष्यांची आणि संबंधित ग्रंथांची यादी उघडते, आणि तो धागा धरून मागे गेले की तालमूदातील ब्राखोत १९ब हे पान लागते. माणसाची प्रतिष्ठा इतकी थोर की ती तोरातील निषेधालाही बाजूला सारते, असे वचन तेथे आहे. एवढ्यावर थांबणारा वाचक मूल्याने नियमावर मात केली, असे समजून आनंदाने पान मिटेल. पण पुढच्याच ओळींत चर्चेला वेगळे वळण लागते. हा निषेध म्हणजे ‘पंडितांच्या शब्दापासून ढळू नकोस’ ही तोराची आज्ञा, असा खुलासा एक जण करतो, तेव्हा ऐकणारे त्याला हसतात, कारण तीही तोराचीच आज्ञा. मग तालमूदातील पंडित रव काहाना त्यांना गप्प करून समजावतात की रब्बींनी घातलेली सारी बंधने याच आज्ञेवर उभी आहेत आणि प्रतिष्ठेपुढे झुकतात ती हीच बंधने. आता तालमूदातीलच बेत्सा ३६ब-३७अ ही पाने पाहावीत. शब्बाथला लग्न लावण्याची मनाई, हातून काही लिहिले जाईल या भीतीने, रब्बींनीच घातलेली आहे. म्हणजे इस्सर्लेस यांच्या करुणेला वाट मिळाली ती या बारकाव्यातूनच. बंधन थेट तोराचे असते, तर वधूची नाचक्की पाहूनही त्यांना हा आधार घेता आला नसता. तीन ग्रंथांत विखुरलेली ही साखळी जुळवायला मला अर्धा तास पुरला.

माझी तक्रार त्या यादीबद्दलच आहे. तिच्यात सर्वमान्य निर्णयकार आणि क्वचितच कोणी विचारात घेतलेला टीकाकार एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारी बसतात. कोणाच्या शब्दाला किती वजन, आणि ‘अडचणीची वेळ’ खरोखर आली आहे हे कोणी ठरवायचे, याचा पत्ता तेथे लागत नाही.

ही उणीव किरकोळ नाही, हे कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाच्या अनुभवावरून कळते. १९६१ मध्ये तेथील मुख्य रब्बी मंडळाने त्यांच्याशी विवाहाला तत्त्वतः हरकत नसल्याचे सांगितले, पण १९६२ च्या सूचनांनी आईकडच्या पिढ्यांची आणि पूर्वीच्या घटस्फोटांची चौकशी त्यांच्यामागे लावली. विधिवत ‘गेट’ (धार्मिक घटस्फोटपत्र) न देता झालेल्या घटस्फोटानंतरच्या पुनर्विवाहातील संततीचा दर्जा, हा त्यामागचा शास्त्रीय मुद्दा खराच होता. पण एका संपूर्ण समाजाचे नाव घेऊन संशय नोंदवल्याने होणाऱ्या अपमानाचे वजन त्या वेळी कमी धरले गेले, असे माझे मत आहे. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये आंदोलन झाले, संसदेत ठराव झाला आणि मग सूचनांतून समाजाचे नाव निघाले. दोन्ही बाजूंचे मूळ ग्रंथ या अ‍ॅपवर सापडतात. १९६२ मध्ये पारडे एका बाजूला का झुकले, हे त्या ग्रंथांत नाही.

अ‍ॅप इंग्रजी आणि हिब्रूतच चालते. लहान पडद्यावर बाजूची यादी मूळ मजकूर झाकून टाकते, त्यामुळे शक्य असल्यास संगणकावर वाचावे, आणि नवख्याने ‘उत्पत्ती’ या तोराच्या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात न करता सरळ ब्राखोत १९ब उघडून विवरणासह दोनदा वाचावे.