बँड काढायचा की भिंतीवर प्रोजेक्शन? सोलापुरात करणार असाल तर

गिरण्या बंद पडलेल्या गावात कलेनं जरा जान आणायची म्हटलं की हल्ली दोनच गोष्टी सुचवतात, एक्सपेरिमेंटल रॉकचा (ठरलेल्या चाली सोडून चित्रविचित्र आवाजांशी खेळणारा) बँड नाहीतर डिजिटल आर्टवाल्यांचं प्रोजेक्शन मॅपिंग, म्हणजे भिंतीच्या आकाराला जुळवून प्रोजेक्टरनं तिच्यावर हलती चित्रं टाकणं. आमच्या ग्रुपनं दोन्ही करून बघितलंय.

कागदावर डिजिटलचं पारडं जड आहे हे मान्य. ऑस्ट्रियातलं लिंझ, पोलादाचं गाव, तिथं १९७९ ला आर्स इलेक्ट्रॉनिका महोत्सव सुरू झाला आणि २०१४ मध्ये युनेस्कोनं त्याला मीडिया आर्ट्सचं शहर ठरवलं (पण तिथला पोलाद कारखाना अजून चालू आहे, आपल्या मिलसारखा बंद नाही). शिवाय प्रोजेक्शनला गर्दी जमते, आजी-नातवंडं सगळे थांबतात. आमच्या गिटारचा फीडबॅक (अँपमधून निघणारी किंचाळी) ऐकून अर्धे लोक कानात बोटं घालून निघून जातात.

माझं घोडं अडलं ते उजेडापाशी. मॅपिंगला अंधार लागतो, आणि आपल्याकडं चांगली दगडी भिंत सापडली की तिच्यासमोर नेमका हायमास्ट. तो तासभर बंद करायला कुणाला सांगायचं तेच कळत नाही, हा म्हणतो त्यांना विचारा, ते म्हणतात आमच्याकडं नाही, तोवर प्रोजेक्टरचं भाडं चढतंय, त्यात मे महिन्यात सात वाजेपर्यंत उजेड, आणि शेवटी भिंतीवर जे दिसतं ते विटलेल्या चादरीसारखं (सोलापुरी नव्हे!). इतकं वैतागायला झालं की बास.

रॉकला हे काहीच नाही. पूर्व भागात पॉवरलूमच्या शेजारी खोली घ्या, मागांच्या खटखटीपुढं तुमचा ड्रम कुणाला ऐकू येणार, आणि तीच खटखट मोबाईलवर रेकॉर्ड करून लूप केली की ऱ्हिदम तयार. इंग्लंडातल्या पोलादाच्या शेफील्डमध्ये कॅबरे व्होल्तेअर बँडवाले १९७३ पासून टेपवर असलेच उद्योग करत होते, पुढं १९८० ला तिथं जुन्या पिठाच्या गिरणीत लेडमिल हे गाण्याच्या कार्यक्रमांचं ठिकाण सुरू झालं. त्यानं भट्ट्यांतल्या नोकऱ्या परत आल्या नाहीत, ते खरंय, पण पोरांना गावात थांबायला एक कारण मिळालं असं मला तरी वाटतं.

तुमच्या ओळखीत एखादी बंद शेड असेल, आत घुप्प अंधार, आणि प्रोजेक्टर मित्राचा, तर खुशाल डिजिटल करा, पॅरिसला २०१८ पासून जुन्या ओतशाळेत हेच चालतं. नाहीतर मी म्हणेन आधी सेकंडहँड बेस गिटार आणि अँप बघा.