बोटाचा ऑक्सिमीटर: आकडा खरा, अर्थ अर्धाच

कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयाच्या परिसरात असो नाहीतर राजारामपुरीत, ऑक्सिमीटर आता कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. कोरोनात तो घरोघरी आला आणि अजूनही बऱ्याच घरांत गोळ्यांच्या डब्यात पडून आहे. यंत्र म्हणून चांगलाच आहे. पण या चिमट्याने लोकांना जितकं सावध केलं, तितकंच निर्धास्तही केलं. घ्यायच्या आधी हे नीट समजून घ्या.

आत दोन प्रकाश असतात, एक लाल, एक अवरक्त. प्राणवायू भरलेलं आणि रिकामं हिमोग्लोबिन ते वेगवेगळं शोषतं, त्यावरून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी निघते. १९७४ मधली ही युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांची. घरगुती यंत्रात निदान दोनाचा फरक धरायचाच: ९५ दिसलं तर खरं ९३ किंवा ९७ही असू शकतं.

चुकतं ते बहुतेक वापरात. नेलपेंट काढलेलं नसतं, पावसाळ्यात बोटं गार पडलेली असतात, किंवा चिमटा लावल्या लावल्या पहिला आकडा वाचला जातो. पाच मिनिटं शांत बसा, हात चोळून गरम करा, मधलं बोट घाला, हात छातीशी टेकवा आणि आकडा मिनिटभर स्थिर होऊ द्या. मनगटाची नाडी मोजून यंत्रावरच्या ठोक्यांशी ताडून बघा. त्यातच तफावत असेल तर टक्केवारीवरही विसंबू नका. सावळ्या त्वचेवर यंत्र थोडं जास्त दाखवू शकतं. २०२० च्या एका अमेरिकन अभ्यासात, यंत्राने ठीक दाखवूनही ऑक्सिजन कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीयांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. म्हणून एका आकड्यापेक्षा तो दिवसेंदिवस घसरतोय का, हे महत्त्वाचं. तेच बोट, तीच वेळ, वहीत नोंद.

कोरोनात सांगितलेली सहा मिनिटं चालायची चाचणी याच यंत्रावर होते: सपाट फरशीवर, मध्यम चालीने. साठीपुढच्यांनी तीनच मिनिटं चालायचं, दमेकऱ्यांनी करूच नये. चालल्यावर ९३ च्या खाली गेलं किंवा तीनपेक्षा जास्त अंक घसरले, तर दवाखाना गाठायचा.

इथे ऑक्सिमीटरला पूर्ण गुण. कोरोनाचा विषाणू दिसत नाही, ९१ दिसतं. "मला काय होतंय" म्हणणारा माणूस स्वतःच्या बोटावरचा आकडा बघून उठतो, कारण धोका डोळ्यांसमोर असतो आणि पुढे काय करायचं तेही ठाऊक असतं. भीती आणि उपाय एकत्र हाती आले की माणूस नियम पाळतो. नुसती भीती घातली तर कान बंद करून घेतो.

उलटी बाजूही तितकीच खरी. तोच माणूस कोरोना झालेला असूनही ९७ बघून मास्क काढतो आणि सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जाऊन उभा राहतो. यंत्राने फुप्फुसाचं सांगितलं, नाकाघशातल्या विषाणूचं नाही. संसर्ग सर्वांत जास्त पसरतो त्या पहिल्या दिवसांत आकडा बहुधा चांगलाच असतो! स्वतःचा धोका दिसला, घरातल्या म्हातारीचा दिसलाच नाही. म्हणून गृहविलगीकरण संपवायला २०२१ च्या नियमात लक्षणांपासून दहा दिवस आणि शेवटचे तीन बिनतापाचे लागत. जानेवारी २०२२ पासून सात दिवस झाले. ९७ दिसलं म्हणून सुटका, असं कुठेच नव्हतं. मे २०२१ मध्ये तर राज्याने १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरणच बंद करायचं ठरवलं, त्यात कोल्हापूरही होतं.

मेडिकलवाल्यांनी विकताना एवढं एक वाक्य जरूर सांगावं: आकडा चांगला आला तरी विलगीकरणाचे दिवस पुरे करा.

घेताना नाडीची पट्टी किंवा लहर दाखवणारं घ्या. नुसता आकडा दाखवणारं नको. जुलै २०२१ मध्ये केंद्राने यावरचा व्यापारी नफा काही काळासाठी ७० टक्क्यांवर बांधला होता; आता घेताना डब्यावरची एमआरपी दोन-तीन ठिकाणी ताडून बघा. रुग्णाचा चिमटा घरात फिरवायचा असेल तर दर वेळी स्पिरिटच्या बोळ्याने आतली गादी पुसा. ठेवून देताना दोन्ही सेल काढा, नाहीतर ते पाझरून पत्र्या गंजतात आणि गरजेच्या रात्री यंत्र चालूच होत नाही.