पैसे गेले नाहीत, मग फसवणूक कसली?

एका अभ्यासकाच्या नावाने आलेल्या खोट्या मेलने माझ्याकडून टिपण लिहून घेतलं. हा प्रकार ज्यांना सांगितला त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "किती गेले?" पैसे गेले नाहीत म्हटलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो आणि विषय संपतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे. राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुरक्षितता, अत्यावश्यक सेवा असल्या विषयांवर जे जे लिहितात त्यांनी वाचावं. पीएचडीचे विद्यार्थी यात आले, निवृत्त अधिकारी आले, अधूनमधून एखादा लेख लिहिणारेही आले.

माझा विषय वीज, पाणी आणि दूरसंचार यंत्रणांचं संरक्षण. गोपनीय कागद माझ्याकडे कधीच नसतात. छापील अहवाल, चौकशी समित्यांचे निष्कर्ष, न्यायालयात दाखल झालेली कागदपत्रं, एवढ्यावर माझं काम चालतं. क्वचित कुठल्या सल्लागार बैठकीला बोलावतात, तिथेही ऐकायचंच काम जास्त. आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय, असं आमच्या क्षेत्रातले निम्मे लोक म्हणतात.

मेल आला तो एका नावाजलेल्या संशोधन संस्थेतल्या ज्येष्ठ अभ्यासकाच्या नावाने. माणूस खरा, संस्था खरी. त्यांचं लेखन मी वाचलेलं, प्रत्यक्ष ओळख नाही. मजकूर आटोपशीर होता: अत्यावश्यक सेवांवरील हल्ल्यांचा तौलनिक अभ्यास सुरू आहे, तुम्ही एक टिपण लिहून द्याल का, मानधन देऊ, मात्र आधार फक्त खुल्या स्रोतांचा हवा. या शेवटच्या अटीने माझं मन जिंकलं. सावध माणसाला सावध माणूस भेटला की बरं वाटतं. शिवाय माझ्या एका जुन्या लेखातल्या तळटिपेचा नेमका उल्लेख होता. माझ्या तळटिपा माझे सहलेखकसुद्धा वाचत नाहीत! हरभऱ्याच्या झाडावर चढवावं तर असं.

सीसीमध्ये त्यांच्या सहकारी म्हणून एक बाई होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच मेलमध्ये त्यांचं उत्तर आलं: सर प्रवासात आहेत, मुदत थोडी वाढवली तरी चालेल. त्यावर सरांचं एका ओळीचं "हो, चालेल." दोन माणसं आपल्यादेखत एकमेकांशी बोलत असताना ती दोघंही खोटी असतील असं कोणाच्या मनात येतं? पुढे शोधलं तेव्हा कळलं की या युक्तीची रीतसर नोंद झालेली आहे. प्रूफपॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये इराणशी संबंधित एका गटाबद्दल हेच लिहिलं होतं: एकाच मेलसाखळीत अनेक बनावट अभ्यासक, आणि सगळे पत्ते हल्लेखोरांच्याच हातात. त्याच गटाने त्याआधी लंडन विद्यापीठाच्या 'सोआस'मधले प्राध्यापक असल्याची बतावणी केली होती, तो प्रकार जुलै २०२१ मध्ये उघडकीला आला.

टिपण लिहायला मजा आली. १६ एप्रिल २०१३ ला कॅलिफोर्नियातल्या मेटकाफ सबस्टेशनवर गोळीबार झाला, तिथपासून सुरुवात केली. आधी जमिनीखालच्या दूरसंचार केबल कापल्या, मग रायफलींनी १७ ट्रान्सफॉर्मर निकामी केले. नुकसान दीड कोटी डॉलरच्या वर. डिसेंबर २०१५ चा युक्रेनच्या वीज वितरण कंपन्यांवरचा सायबर हल्ला घेतला, ज्यात सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास विजेविना राहिले. आणि डिसेंबर २०१८ मधला लंडनजवळचा गॅटविक विमानतळ: ड्रोन दिसल्याच्या खबरींमुळे धावपट्टी बंद, सुमारे १,००० उड्डाणं आणि १,४०,००० प्रवाशांचा खोळंबा, आणि ड्रोन उडवणारा कोण ते शेवटपर्यंत सापडलं नाही. कुंपण एका खात्याचं, सॉफ्टवेअर दुसऱ्याचं, आकाश तिसऱ्याचं, आणि घटना घडली की तिघंही एकमेकांची तोंडं बघतात, असा माझा मुद्दा होता. नवं काही नाही, पण मांडणी बरी जमली होती.

टिपण परत आलं ते समासातल्या शेऱ्यांनी भरून. एका ठिकाणी मी 'प्रतिसादाला उशीर झाला' असं मोघम लिहिलं होतं. तिथे शेरा होता: "उशीर नेमका कुठे झाला? खबर मिळण्यात, ती खरी मानण्यात, की आदेश निघण्यात?" असा संपादक मिळावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं वाट बघतात. मी परिच्छेद सुधारला आणि तो खरंच सुधारला. फसवणारा माणूस आपल्या विषयात कच्चा असेल, भाषा मोडकी असेल, शुद्धलेखनाच्या चुका असतील, ही समजूत आता सोडून द्यायला हवी.

त्यानंतर प्रश्नांचा रोख हळूहळू बदलत गेला. घडून गेलेल्याकडून घडणाऱ्याकडे, आणि कागदाकडून माणसांकडे. "छापायचं नाही, फक्त पार्श्वभूमी म्हणून: राखीव ट्रान्सफॉर्मरच्या साठ्याला नव्या धोरणात प्राधान्य मिळेल असं वाटतं का?" मग: "सल्लागार बैठकीत याला विरोध कोणाचा होता?" मग: "या विषयात खात्यात खरं वजन कोणाचं आहे?" वेगवेगळे घेतले तर हे प्रश्न अगदी साधे आहेत. परिसंवादाच्या मधल्या वेळेत आपण एकमेकांना हेच विचारतो, आणि उत्तरंही मोकळेपणाने देतो. पण एकामागून एक ओळीने वाचले की लक्षात येतं, यांतल्या एकाचंही उत्तर कुठल्या छापील अहवालात मिळत नाही. धोरण ठरलं की ते सगळ्यांनाच कळतं. ते ठरण्याआधी कोण कुठे झुकलेलं आहे, ही खरी मोलाची माहिती, आणि ती आम्हा अभ्यासकांच्या बोलण्यातून सहज सांडते. वजन कोणाचं, या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही. आधीच्या प्रश्नावर मात्र एक पुरवणी टिपण दिलेलं होतं.

हे माझ्यावरच ओढवलं असं नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिकेतले परराष्ट्र धोरणाचे विश्लेषक डॅनियल डीपेट्रिस यांना '३८ नॉर्थ' या उत्तर कोरियाविषयक प्रकल्पाच्या संचालक जेनी टाउन यांच्या नावाने लेख मागणारा मेल आला. त्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं, टाउन यांनी तसं काही पाठवलेलंच नव्हतं. रॉयटर्सने डिसेंबरमध्ये ही बातमी दिली. संशय होता तो किमसुकी या उत्तर कोरियाशी संबंधित गटावर. मायक्रोसॉफ्टच्या विश्लेषकांचं म्हणणं असं की या गटाने पद्धत पार बदलली आहे: तज्ज्ञाच्या संगणकात शिरून त्याचे मेल चाळत बसण्यापेक्षा त्यालाच थेट विचारायचं, तो आपण होऊन लिहून देतो. एका मेलमध्ये अणुकार्यक्रमावरच्या हस्तलिखिताचं परीक्षण करण्यासाठी ३०० डॉलर देऊ केले होते. ते कोणालाच मिळाले नाहीत. यात व्हायरस नाही, लिंक नाही, त्यामुळे कुठलीही यंत्रणा घंटा वाजवत नाही.

माझ्या मानधनाचं सांगते. त्यासाठी फॉर्म आला, ओळखपत्राची प्रत मागितली, सहीचा नमुना मागितला. खऱ्या संस्थाही हे सगळं मागतात, म्हणून दिलं. पैसे 'प्रक्रियेत' होते. ते तिथेच आहेत. शेवटी 'करारनामा' म्हणून पासवर्ड लावलेली झिप फाइल आली आणि पासवर्ड वेगळ्या मेलने. वरकरणी ही काळजी वाटते. प्रत्यक्षात पासवर्ड लावलेल्या फाइलच्या आत काय आहे ते अँटीव्हायरसला वाचता येत नाही, म्हणून तो खटाटोप. आमच्या कार्यालयाच्या यंत्रणेने फाइल अडवली आणि संगणक विभागातल्या मुलाने, मॅडम, हे कोणी पाठवलंय, असं विचारलं.

त्याने मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला याची एरवी न दिसणारी नोंद, उघडून दाखवले. पाठवणाऱ्याच्या रकान्यात संस्थेचाच पत्ता, एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. म्हणजे डोमेनचं स्पेलिंग तपासा हा नेहमीचा सल्ला इथे कुचकामी होता. पण 'रिप्लाय-टू' मध्ये फुकट मेलसेवेवरचा एक पत्ता, नाव तेच सरांचं. मी उत्तर पाठवलं की ते तिकडे जायचं, संस्थेकडे काहीच नाही. हे चाललं कसं? त्या संस्थेने डीमार्क नावाची मेल-तपासणीची नोंद केली होती, पण धोरण 'नन'वर ठेवलेलं. याचा अर्थ असा की आमच्या नावाने खोटा मेल आला तरी अडवू नका, फक्त आम्हाला कळवा. हेडरमध्ये डीमार्कच्या पुढे 'फेल' असं स्वच्छ लिहिलं होतं, तरी मेल थेट इनबॉक्समध्ये. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने, एनएसए या गुप्तचर संस्थेने आणि परराष्ट्र खात्याने मिळून नेमका याच पळवाटेबद्दल इशारा दिला होता, तोही किमसुकीच्याच संदर्भात. संस्थांच्या कारभाऱ्यांना माझं सांगणं आहे, ही एका ओळीची सेटिंग आहे. 'नन' काढून 'क्वारंटाइन' (बाजूला ठेवा) किंवा 'रिजेक्ट' (नाकारा) करा. राष्ट्रीय सुरक्षेवर परिषदा भरवणाऱ्या संस्थांनी आधी स्वतःचं दार लावावं.

मग मी संस्थेच्या संकेतस्थळावरचा नंबर लावला. मेलखालच्या सहीतला नंबर मुद्दामच टाळला. सरांनी प्रकल्पाचं नाव ऐकून घेतलं, थोडं थांबले आणि म्हणाले, "मॅडम, असा प्रकल्पच नाही. मी तुम्हाला कधीही लिहिलेलं नाही." आवाजात आश्चर्य नव्हतं, कंटाळा होता. त्यांना असे फोन आधीही आले होते. त्या सहकारी बाई तर संस्थेत कधी नव्हत्याच. त्यांचा फोटो मी मोठा करून पाहिला: एका कानातलं दुसऱ्याशी जुळत नव्हतं आणि खांद्याजवळचे केस मागच्या भिंतीत विरघळल्यासारखे. २०१९ मध्ये असोसिएटेड प्रेसने उघडकीस आणलेलं लिंक्डइनवरचं 'केटी जोन्स' हे प्रकरण याच जातीचं. वॉशिंग्टनच्या विचारगटांत ऊठबस असलेली तरुणी, चेहरा संगणकाने घडवलेला. अर्थात आताची चित्रं इतकी सफाईदार झाली आहेत की कानातल्यांवर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही.

तक्रार नोंदवायला गेले तर ऑनलाइन फॉर्ममध्ये नुकसानीची रक्कम सक्तीची. शून्य लिहिलं तर फॉर्म म्हणे, शून्यापेक्षा मोठी रक्कम भरा. शेवटी लेखी अर्ज दिला.

हीच गोष्ट नोकरीच्या वेषातही येते आणि त्यात तरुण जास्त सापडतात. सिंगापूरचा डिक्सन यो हा स्वतः पीएचडीचा विद्यार्थी. त्याने २०१८ मध्ये बनावट सल्लागार कंपनीच्या नावाने जाहिराती दिल्या आणि त्याच्याकडे ४०० हून अधिक बायोडाटा आले, त्यांतले ९० टक्के गोपनीय कामाची परवानगी असलेल्या अमेरिकी लष्करी आणि सरकारी कर्मचाऱ्यांचे. त्यांतले कामाचे वाटले ते त्याने चिनी गुप्तहेरांकडे पोचवले. काहींकडून अहवालही लिहून घेतले, आशियातल्या ग्राहकांसाठी आहेत असं सांगून. जुलै २०२० मध्ये त्याने अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला, १४ महिन्यांची शिक्षा झाली. ब्रिटनच्या एमआय-५ या देशांतर्गत गुप्तचर संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये सांगितलं की आधीच्या पाच वर्षांत किमान १०,००० ब्रिटिश नागरिकांना अशा बनावट प्रोफाइलवरून गाठलं गेलं होतं. २०२३ मध्ये हाच आकडा २०,००० च्या वर सांगितला गेला. अहवाल मागतात, वर ग्राहकाचं नाव सांगत नाहीत, तिथे पाणी मुरतंय हे ओळखावं.

माझ्या बाबतीत सगळ्यात जिव्हारी लागलं ते नंतरचं. काही महिन्यांनी एका कनिष्ठ संशोधकाचा फोन आला. "मॅडम, तुमचं टिपण मिळालं, पण फाइल उघडत नाहीये. मॅक्रो चालू करायला सांगते आहे." मॅक्रो म्हणजे फाइलमध्ये दडवलेला छोटा प्रोग्राम; तो चालू केला की हल्लेखोराचं काम होतं. आणि ते माझंच टिपण होतं. तीच शीर्षकं, समासातल्या शेऱ्यांनंतर सुधारलेला तोच परिच्छेद, खाली माझ्या सहीचं चित्र. माझ्याकडून फुकट लिहून घेतलेला मजकूर आता माझ्याच नावाने दुसऱ्यांना गळाला लावायला वापरला जात होता. त्या मुलीने फोन केला म्हणून हे कळलं. किती जणांनी केला नसेल ते मला कळायला मार्ग नाही.

तेव्हा अत्यावश्यक सेवांच्या संरक्षणावरचं माझं टिपण, परीक्षणाची विनंती किंवा परिषदेचं आमंत्रण तुम्हाला मेलने आलं असेल, तर त्यातली फाइल उघडू नका आणि त्या मेलला उत्तरही देऊ नका. आपली ओळख असेल तर जुन्या नंबरवर फोन करा, नसेल तर माझ्या संस्थेच्या कार्यालयात करा. मेल पुसू नका. तो नुसता फॉरवर्ड केला तर मूळ हेडर गळून पडतात आणि तपासणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, म्हणून ईएमएल स्वरूपात (यात मेल हेडरसकट जसाच्या तसा राहतो) सेव्ह करा आणि ती फाइल जोडून आपल्या संगणक विभागाकडे द्या. मॅक्रो चालू करून झाले असतील तर आधी त्या संगणकाचं नेटवर्क तोडा, पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला, आणि मला रात्री-अपरात्री फोन केलात तरी चालेल.