आरटीएलगेटव्हर्जन: दिवाळीपासूनच्या वापरानंतर

आमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर सी++ मध्ये आहे आणि ते नव्या-जुन्या सगळ्या विंडोजवर चालतं. तक्रार आली की लॉगमध्ये मी आधी विंडोजचा आकडा बघतो. तोच चुकीचा असला तर पुढची शोधाशोध भलतीकडेच जाते. म्हणून दिवाळीच्या सुमारास हा आकडा विचारणारं गेटव्हर्जनईएक्स हे फंक्शन काढून त्याच कामाचं आरटीएलगेटव्हर्जन घातलं, आणि आता मागे जायची इच्छा नाही.

विंडोज 8.1 पासून गेटव्हर्जनईएक्सचं वागणं बदललं. ईएक्सईच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामसोबतचं माहितीपत्रक) सपोर्टेडओएसची, म्हणजे तो कुठल्या विंडोजसाठी आहे याची, नोंद नसेल तर ते 6.2 सांगतं, म्हणजे विंडोज 8. मशीनवर 10 असो की 11. जुने प्रोग्राम नवा आकडा बघून अडून बसायचे, त्यांच्यासाठी ही सोय. ती मला पटते. मॅनिफेस्ट नीट लिहिलं की आकडा बरोबर येतो, पण आमची एक डीएलएल (दुसऱ्या प्रोग्राममध्ये लोड होणारी कोडची फाइल) दुसऱ्यांच्या ईएक्सईत लोड होते. तिथे मॅनिफेस्ट त्यांचं, आपल्या हातात काही नाही.

आरटीएलगेटव्हर्जनला मॅनिफेस्टशी देणंघेणं नाही. ते ज्या एनटीडीएलएल या विंडोजच्या डीएलएलमध्ये आहे, ती प्रत्येक प्रोसेसमध्ये आधीच असते; गेटमॉड्यूलहँडलने ती पकडायची, मग फंक्शनचा पत्ता देणारं गेटप्रॉकअ‍ॅड्रेस, झालं काम. उत्तर ज्यात येतं त्या स्ट्रक्चरचा साइज मात्र आधी भरायचा, आणि मोठं, 284 बाइट्सचं स्ट्रक्चरच द्यायचं, कारण प्रॉडक्ट टाइप (वर्कस्टेशन की सर्व्हर) त्यातच मिळतो. विंडोज 10 ची 1809 ही आवृत्ती आणि सर्व्हर 2019, दोन्हींचा बिल्ड (आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक) 17763! प्रॉडक्ट टाइप नसता तर लॉगवरून दोन्ही वेगळी ओळखूच आली नसती.

विंडोज 11 सुद्धा 10.0 च सांगतं. वर्कस्टेशन असून बिल्ड 22000 किंवा पुढचा असेल तर ते 11. रजिस्ट्रीतल्या (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) प्रॉडक्टनेमवर मुळीच विसंबू नका, 11 वरही तिथे ‘विंडोज 10 प्रो’ लिहिलेलं सापडतं.

उणीव एकच जाणवली: बिल्डनंतरचा अपडेटचा आकडा यातून मिळत नाही. तो आम्ही रजिस्ट्रीतल्या यूबीआर या नोंदीतून घेतो. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्यांना हा खटाटोप नको, डॉटनेट 5 पासून एन्व्हायर्नमेंट.ओएसव्हर्जन खरा आकडा देतं.

हे सगळं लॉगपुरतं. एखादी सोय आहे की नाही हे ठरवायला आम्ही आकडा वापरतच नाही. उदाहरणार्थ, खिडकीचा डीपीआय (स्क्रीनवरची ठिपक्यांची घनता) सांगणारं गेटडीपीआयफॉरविंडो विंडोज 10 च्या 1607 मध्ये आलं. ते यूझर32 या विंडोजच्या डीएलएलमध्ये आहे का, हे गेटप्रॉकअ‍ॅड्रेसलाच विचारतो. मिळालं तर वापरायचं, नाही तर जुनी पद्धत.