कॅनडा कॉर्नरजवळची 'कामस्की बॅच', महिनाभर जाऊन आलो

आधीच सांगतो, नाशकातल्या या बुद्धिबळाच्या क्लासचं नाव लिहीत नाहीये, कारण पुढे थोडी किरकिर पण आहे आणि सरांशी माझं चांगलं आहे, ते तसंच राहू दे. कॅनडा कॉर्नरपासून चालत पाच मिनिटं, खाली झेरॉक्सचं दुकान, वर पहिल्या मजल्यावर फ्लॅटच्या हॉलमध्ये सहा टेबलं. मोठ्या माणसांची बॅच शनिवार-रविवार संध्याकाळी सात ते साडेआठ, महिन्याला आठ बैठका, फी १८०० रुपये. मी अंबडला कंपनीत आहे, चाळिशी ओलांडलीये, रोज रात्री मोबाईलवर तीन-चार डाव हरतो आणि मग झोपतो, एवढीच माझी बुद्धिबळातली लायकी.

नाशकात बुद्धिबळाचा विषय निघाला की विदित गुजराथी येणारच, यायलाच पाहिजे ना, गावचा पोरगा २०२३ ला पहिलाच डाव हरून पण ग्रँड स्विस स्पर्धा जिंकला आणि २०२४ च्या कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याला कोण आव्हान देणार ते ठरवणाऱ्या स्पर्धेत, अमेरिकेच्या नाकामुराला दोनदा हरवून आला. मला वाटलं सर विदितचेच डाव घेतील. तर पहिल्या दिवशी सरांनी पिन मारलेला झेरॉक्सचा गठ्ठा हातात दिला, वर पेनाने लिहिलेलं, 'गाटा कामस्की'. शेजारी बँकेतून रिटायर झालेले एक काका बसतात, ते हळूच म्हणाले, "हा कोण हो?" मला पण नावापलीकडे काही माहीत नव्हतं.

आणि हेच नवल आहे, कारण या माणसाने आपल्या आनंदला आपल्याच देशात रडवलंय. १९९४, हैदराबादजवळचं संघी नगर, फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या कँडिडेट्सची मॅच, आनंद दोन पॉइंटने पुढे, आणि तिथून कामस्कीने ४-४ केलं आणि रॅपिडचे, म्हणजे कमी वेळाचे, दोन्ही डाव मारले. पुढच्या वर्षी लास पाल्मासला आनंदने फिडेला टक्कर देणाऱ्या दुसऱ्या संघटनेच्या, म्हणजे पीसीएच्या कँडिडेट्स फायनलमध्ये त्याचा हिशोब चुकता केला आणि तिथल्या जगज्जेत्या कास्पारोव्हशी खेळायला गेला, ते सगळ्यांना पाठ आहे, संघी नगर मात्र कोणी काढत नाही. १९९६ ला हा पठ्ठ्या एलिस्टाला कारपोव्हशी फिडेच्या जगज्जेतेपदासाठी खेळला, साडेदहा-साडेसातने हरला, वय २२, आणि सरळ खेळ सोडून दिला. आधी मेडिकल, मग लॉ. २००४ ला परत आला आणि २००७ ला खांती-मानसिस्कला वर्ल्ड कप जिंकला, सेमीफायनलला नुकतंच १७ पूर्ण झालेल्या कार्लसनला घरी पाठवून, फायनलला शिरोव्ह. अमेरिकेचा चॅम्पियन पाच वेळा, पहिल्यांदा १९९१ ला आणि शेवटी २०१४ ला. आमच्या बॅचमध्ये आठ माणसं, एकालाही यातलं काही माहीत नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. परत आल्यानंतरच्या काळात पांढऱ्या मोहऱ्या घेऊन कामस्की काय खेळणार हे समोरच्याला बहुतेक वेळा आदल्या रात्रीच माहीत असायचं. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, उंट पटावरच्या एफ-४ या घरावर, प्यादी ई-३, सी-३ ला, उंटाला मागे सरकायला जागा म्हणून आणखी एक प्यादं एच-३ ला, म्हणजे आपली लंडन सिस्टिम, जी ऑनलाइन खेळणारा प्रत्येक आळशी माणूस खेळतो, त्यात मी पण आलो. तरुणपणी तो मोठ्या मोठ्या मेन लाईन्स, म्हणजे भरपूर अभ्यास लागणाऱ्या प्रचलित सुरुवाती, खेळायचा हे सरांनी दाखवलं, म्हणजे येत नाही म्हणून टाळतोय असा प्रकार नाही.

दुसऱ्या बैठकीला एका इंजिनिअर पोराने विचारलंच की सर, एवढं माहीत असलं तर समोरचा तयारी करूनच येणार ना. सर म्हणाले, "येऊ द्या की, कशाची तयारी करणार?" हे मला नीट कळायला दोन आठवडे गेले. घासून पुसून पाठ केलेल्या ओपनिंगमध्ये, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींत, विसाव्या चालीपर्यंत घरचा अभ्यास चालतो आणि एक चाल विसरली की खेळ खल्लास, लंडनमध्ये दहाव्या चालीला पाठांतर संपतं, मोहऱ्या जवळजवळ सगळ्या पटावर असतात आणि तिथून पुढे ज्याचं डोकं आणि ज्याची बैठक. आणि कामस्कीची ताकद म्हणजे बैठकच. वाईट डाव धरून ठेवायचा, बरोबरीतला डाव सोडायचा नाही, एंडगेममध्ये, म्हणजे थोड्याच मोहऱ्या उरल्यावर, पन्नास-साठ चाली पिळत बसायचं. ज्याचा खरा खेळ तिसाव्या चालीला सुरू होतो तो दहाव्या चालीपर्यंतचा रस्ता साधा आणि ओळखीचाच निवडणार. आपण मिसळ खायला गेल्यावर मेनू कार्ड मागतो का? काय येणार ते माहीत असतं, गर्दी रश्शासाठी असते.

माझा स्वतःचा भ्रम तिसऱ्या बैठकीला फुटला. मी लंडन म्हणजे डोळे झाकून खेळायचो, समोर काय चाललंय बघायचंच नाही. सर काळ्याने बसले, सी-५ खेळले, मग वजीर बी-६ वर. मी आपला घोडा काढला. पुढच्या चालीला बी-२ चं प्यादं गेलं. सरांनी प्यादं बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "उंट बाहेर गेला, मग मागे कोण राहिलं?" कोणीच नाही राव! उंट एफ-४ ला गेला की बी-२ उघडं पडतं, तिथे वजीर बी-३ ला नेऊन समोरासमोर उभा करायचा किंवा दुसरी काहीतरी सोय बघायची, हे कामस्कीच्या डावांत परत परत दिसतं. तो पण तेच खेळतो आणि मी पण तेच, फक्त तो प्रत्येक वेळी समोरच्याची चाल बघून खेळतो. तसं आता लंडनला नावं ठेवायची सोय राहिली नाही म्हणा, २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या मॅचमध्ये चीनच्या डिंग लिरेनने सहावा डाव याच लंडनने जिंकला.

सगळ्यात भारी भाग एंडगेमचा. सर कामस्कीच्या डावातली हत्ती आणि चार-चार प्याद्यांची पोझिशन लावतात, बरोबरीची, आणि तुम्हाला वाचवायला सांगतात, चाळीस मिनिटं. पहिल्यांदा मी बारा मिनिटांत हरलो. शेवटच्या रविवारी पूर्ण चाळीस मिनिटं टिकलो आणि बरोबरी झाली तेव्हा त्या बँकवाल्या काकांनी टाळी दिली. घरी गेल्यावर बायको म्हणाली चेहरा का असा झालाय, बरं नाही का.

आता किरकिर. पार्किंग अजिबात नाही, शनिवारी संध्याकाळी त्या भागात गाडी लावायची म्हणजे आधी तीन चकरा. सहा टेबलांना घड्याळं चारच, त्यातल्या एकाचं बटण दाबलं की दाबलेलंच राहतं. आमच्या आधी लहान मुलांची बॅच, ती पावणेसात म्हणता म्हणता सव्वासातला सुटते, आमची पंधरा मिनिटं गेली आणि ती कधीच भरून मिळत नाहीत, हे मला सगळ्यात खटकलं. झेरॉक्स एवढी फिकट की पाचव्या डावात काळा घोडा कुठला आणि पांढरा कुठला हे अंदाजाने ठरवायचं, खाली झेरॉक्सचं दुकान असून!

आणि काळ्या मोहऱ्यांवर फक्त एकच बैठक, ते पण घाईत. तिथे तर कामस्की एवढा ओळखीचा नव्हताच, २००९ ला सोफियाला टोपालोव्हविरुद्ध ग्रुनफेल्ड घेऊन बसला होता, धारदार ओपनिंग आहे ते. सरांना 'एकच रस्ता धरलेला माणूस' हे गणित एवढं आवडतं की त्यात न बसणारे डाव ते पटकन उरकतात असं माझं मत. काही डाव खरोखर रटाळ पण आहेत, एका डावात मला डुलकी लागली, खोटं कशाला बोलू.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना इथे घालू नका, त्यांना आधी मारामारीचे डाव बघू देत. नोकरी करून रात्री थकून खेळणाऱ्या माणसाला ओपनिंगची जाडजूड पुस्तकं झेपत नाहीत, त्याच्यासाठी १८०० वसूल आहेत. पाचपैकी साडेतीन, घड्याळं आणली तर चार.

पुढच्या महिन्यात सर उलमान घेणार आहेत, तो पूर्व जर्मनीचा, ज्याने आयुष्यभर काळ्याने खेळायचं फ्रेंच डिफेन्स हे ओपनिंग सोडलं नाही आणि १९६० ला ब्युनोस आयर्सला त्याच फ्रेंचने अमेरिकेच्या बॉबी फिशरला पाडलं. नाव देऊन आलोय. घड्याळ यावेळी घरचं नेणार, आणि गाडी कॉलेज रोडलाच लावून चालत जाणार.