बार्बेक्यूच्या कोळशाचं पोतं दुकानातच रिकामं करून बघा

थंडी पडली की नागपुरात गच्चीगच्चीवर शिगडी पेटते, आणि याच दिवसांत कोळशात सर्रास भेसळ होते. आमच्या घरी जे झालं ते तुमच्याकडे होऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

भाच्याच्या वाढदिवसासाठी इतवारी भागातल्या एका दुकानातून दहा किलोची शिवलेली चुंगडी, म्हणजे पोतं, आणली. दुकानदाराने वरची शिवण थोडी उसवून बाभळीचे छान मोठे तुकडे दाखवले. "भाऊ, हॉटेलवाले हाच माल नेतात," म्हणाला. बिल मागितलं तर साध्या चिठ्ठीवर रक्कम लिहून दिली.

संध्याकाळी शिगडी पेटवली. आधी तडतड सुरू झाली, ठिणग्या उडाल्या. मग पिवळट धूर आणि नाकात झोंबणारा गंधकाचा वास. पनीर, चिकन, भरताची वांगी, सगळ्याला तो वास लागला आणि सगळं फेकावं लागलं. लहान मुलं खोकायला लागली, याचा राग मला अजून आहे.

आई खापरखेड्याची. तिच्या लहानपणी घराघरात दगडी कोळशाची शिगडी असायची. तिने एक तुकडा हातात घेतला आणि म्हणाली, "अरे, हा तर खाणीतला आहे." चुंगडी ताडपत्रीवर ओतली तेव्हा सगळं उघड झालं. वर बाभूळ, मध्ये ओला माल, खाली भुकटी आणि त्यात चकचकीत, जड दगडी कोळसा. आपल्या आसपास सिल्लेवाडा, उमरेड, सावनेर अशा खाणी आहेत. दगडी कोळसा इथे सहज मिळतो आणि वजनालाही भरतो. पाणी मारलं की वजन आणखी वाढतं. लाकडी कोळसा पाणी सहज शोषतो आणि वरून कोरडाच दिसतो.

दोन्ही कोळशांत फरक मोठा आहे. लाकूड भट्टीत हवा कोंडून जाळतात, त्यामुळे धूर करणारे घटक आधीच निघून जातात आणि मुख्यतः कार्बन उरतो. म्हणून नीट पेटलेल्या लोणारी, म्हणजे लाकडी, कोळशाचा धूर नगण्य असतो. दगडी कोळशात हे घटक आणि गंधक तसेच राहतात. जळताना त्यातून सल्फर डायऑक्साईड निघतो. त्यावर अन्न भाजूच नये.

म्हणून चुंगडी तळापर्यंत ओतून बघा. दुकानदार नाही म्हणाला तर तिथून निघा. चांगला तुकडा हलका असतो, त्यावर लाकडाच्या रेषा दिसतात आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो. शंका असेल तर पाण्याचा ग्लास मागवा. कोरडा लाकडी कोळसा तरंगतो, दगडी सरळ तळाला जातो. रंग लावलेल्या फर्निचरच्या किंवा प्लायच्या लाकडाचा कोळसाही विकला जातो. त्यात खिळे सापडले तर तो अजिबात घेऊ नका.

पेटवल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा, निखाऱ्यांवर राखाडी थर येऊ द्या, मगच जाळी ठेवा. घाईत रॉकेल ओतू नका, त्याचा वास खाण्यात उतरतो. आणि कोळसा कितीही चांगला असला तरी बंद खोलीत शिगडी नको. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, त्यामुळे धोका कळतच नाही.

दुकानदाराकडे परत गेलो तर "कोळसा तो कोळसाच" म्हणून हात झटकले. हातात पक्कं बिल नव्हतं, त्यामुळे त्याचं फावलं. तेव्हा पक्कं बिल घ्याच. तयार पाकीट घेत असाल तर त्यावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, किंमत आणि महिना-वर्ष छापलेलं आहे का बघा. वेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार ते छापावं लागतं. फसवणूक झालीच तर माल फेकू नका, फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. वजनात मारलं असेल तर वैधमापन कार्यालयातही तक्रार करता येते.